संत मागतात, देव देतो: कॅथलिक श्रद्धेतली मध्यस्थी

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, जाणाऱ्यांत ठाणे, ऐरोली, वाशीकडचे पुष्कळ लोक असतात आणि ते सगळे कॅथलिक नसतात. ही नोव्हेना ८ सप्टेंबर १९४८ पासून चालू आहे. सप्टेंबरात वांद्र्याला मोत माऊलीच्या जत्रेला जाणारे, घरी वेलंकनी मातेपुढे मेणबत्ती लावणारेही असेच सर्व धर्मांचे. त्यांना विचारलं तर बरेच जण सांगतील, ‘माता पावते.’ कॅथलिक शिकवणुकीत हे वाक्य जसंच्या तसं बसत नाही. माता, म्हणजे येशूची आई मरिया, मागते आणि देतो देव. संतांच्या मध्यस्थीबद्दलचे सगळे नियम, प्रार्थनांचे शब्द, नवसाचे कायदे आणि चमत्कारांची चौकशी या एका फरकावर उभी आहे. तो नीट धरला की बाकीचं आपोआप सुटत जातं.

मुळात श्रद्धा अशी की, मरणाने माणूस ख्रिस्तापासून तुटत नाही. पृथ्वीवर वाटचाल करणारे, मरणानंतर शुद्ध होत असलेले आणि देवाच्या सहवासात पोचलेले, असे तिन्ही गट मिळून एकच ख्रिस्तसभा. याला ‘संतांचा समागम’ म्हणतात. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे जपमाळेच्या सुरुवातीला म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत, तो शब्दशः येतो. आता, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपण शेजारच्या मावशींना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. संत पौलही आपल्या पत्रांत लोकांकडे अशीच प्रार्थना मागतो. याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांसाठी प्रार्थना करा असं सांगितलं आहे आणि नीतिमान माणसाच्या प्रार्थनेत मोठं बळ असतं असंही. कॅथलिकांचं म्हणणं इतकंच की, त्या मावशी वारल्या आणि देवाजवळ पोचल्या, तर त्यांचं प्रेम कमी कसं होईल? उलट तिथे ते शुद्ध झालेलं असतं. बायबलमध्ये त्याच्या खुणा आहेत. प्रकटीकरणाच्या पुस्तकात (५:८ आणि ८:३-४) भक्तांच्या प्रार्थना धुपासारख्या देवापुढे नेल्या जातात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (१५:१२-१६) मरण पावलेला प्रमुख याजक ओनिया आणि संदेष्टा यिर्मया हे लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतात. प्रॉटेस्टंट मंडळी मक्काबींची पुस्तकं बायबलचा भाग मानत नाहीत. या विषयावर दोन्हींकडचं बोलणं अनेकदा जुळत नाही, त्याचं हे एक कारण.

मध्यस्थी समजावताना सगळ्यात जास्त वापरला जाणारा दाखला म्हणजे वशिल्याचा: मोठ्या साहेबांकडे थेट जाता येत नाही, म्हणून ओळखीच्या माणसाला धरायचं. हा दाखला सोपा आहे आणि तितकाच चुकीचा. त्यात साहेब लांबचा, थोडासा कठोर आणि अर्जदाराला न ओळखणारा असतो. कॅथलिक देव तसा नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना येशूने प्रत्येकाला थेट म्हणायला शिकवली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:५) देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे: ख्रिस्त येशू. चर्च हे वचन पूर्ण मानतं. मात्र त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत सगळ्यांसाठी विनवण्या कराव्यात असंही सांगितलं आहे. म्हणजे दुसऱ्यासाठी मागणं हे त्या एका मध्यस्थाच्या कामात सामील होणं आहे. संताची प्रार्थना पोचते ती ख्रिस्तामुळे. तिला स्वतःचं वेगळं बळ नाही.

मरियेच्या बाबतीतही हेच. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४ च्या ‘लुमेन जेन्तियुम’ या दस्तऐवजात स्पष्ट केलं की, तिची मातृत्वाची भूमिका ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला झाकत नाही आणि कमीही करत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने आणखी एक टिपण काढलं आणि मरियेसाठी ‘सह-उद्धारिका’ ही पदवी वापरणं योग्य नाही असं सांगितलं. भक्ती वाढावी, पण गोंधळ वाढू नये, ही काळजी आजही तशीच आहे.

मग देव स्वतः ऐकतो, तर संतांची गरज काय? खरं उत्तर असं की, सक्ती नाही. ट्रेंट महासभेने १५६३ मध्ये संतांचा धावा करणं ‘चांगलं आणि उपयुक्त’ आहे असं म्हटलं. खाजगी प्रार्थनेत कोणत्याही संताचं नाव न घेता आयुष्य काढणारा कॅथलिक काही पाप करत नाही. पण मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, प्रार्थनांत संतांची नावं आणि त्यांच्या मध्यस्थीचा उल्लेख असतोच, त्यामुळे चर्चबरोबर उपासना करणारा माणूस त्यापासून पूर्ण अलग राहू शकत नाही. आणि ‘उपयुक्त’ का, तर देव आपलं देणं माणसांच्या हातून देतो. बाप्तिस्मा माणसाच्या हातून, भाकर माणसाच्या हातून, तसंच एकासाठी दुसऱ्याने केलेलं मागणंही. संत थॉमस अक्वायनास यांनी तेराव्या शतकात याची मांडणी केली: प्रार्थनेने देवाचा बेत बदलत नाही, पण देवाने ज्या गोष्टी प्रार्थनेतून द्यायच्या ठरवल्या आहेत त्या प्रार्थनेतूनच मिळतात.

संतांना ऐकू कसं येतं

ही शंका लहान मुलंही विचारतात आणि ती चांगली शंका आहे. एकाच वेळी मनिलात, लिस्बनमध्ये आणि घोडबंदर रोडवर हजारो लोक संत अंतोनीला हाक मारतात. तो काय सर्वज्ञ आहे? नाही. सर्वज्ञ फक्त देव. शिकवणूक अशी की, स्वर्गात पोचलेला आत्मा देवाला समोरासमोर पाहतो आणि जे त्याला कळायला हवं ते देवच त्याला आपल्यात दाखवतो. त्यामुळे आपली विनंती आधी देवाकडे पोचते, मग संताला कळते, आणि संत ती पुन्हा देवापुढे ठेवतो. हा वळसा वाटतो खरा, पण त्यातूनच कळतं की संतापाशी देवाला वगळून काही होत नाही. पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये अधिकृतपणे ठरवलं की, शुद्ध झालेले आत्मे शेवटच्या न्यायाची वाट न पाहता आत्ताच देवाला पाहतात. ते नसतं तर आज संतांना हाक मारण्याला आधारच उरला नसता.

इथे एक कुंपण आहे. संताला विनंती करणं म्हणजे मेलेल्यांना बोलावणं नव्हे. प्लँचेट, ‘अंगात येणं’, आत्म्याकडून भविष्य किंवा निरोप मागणं हे चर्चने साफ मना केलं आहे. विनंतीत आपण बोलतो. उत्तरादाखल आवाज, खूण किंवा दृष्टांत मागत नाही.

शब्द कसे ओळखायचे

कोणतीही प्रार्थना योग्य आहे की भरकटली आहे, हे बघायला ती काय मागते आणि कोणाकडे, एवढं तपासावं. संतांच्या विनवणीमालेत, म्हणजे बाप्तिस्मा, धर्मगुरूंचा दीक्षाविधी आणि इस्टरच्या रात्री म्हटल्या जाणाऱ्या लिटनीत, देवाला उद्देशून ‘आम्हांवर दया कर’ येतं आणि संतांच्या नावापुढे ‘आमच्यासाठी विनंती कर’. ही दोन उत्तरं एकमेकांच्या जागी जात नाहीत. ‘नमो मरिये’ प्रार्थनेतही पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातून घेतलेला, देवदूत आणि अलीशिबा यांच्या शब्दांचा. दुसऱ्या भागातली मागणी एकच, आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी विनंती कर. मिस्सेतली सणाच्या संताची प्रार्थना तर संताशी बोलतच नाही. ती पित्याशी बोलते, संताचं नाव घेते आणि ‘आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे’ असं म्हणून संपते.

लोकभक्तीतल्या काही प्रार्थनांत ‘हे संता, मला हे दे’ अशी भाषा येते. तीत लगेच पाप शोधू नये. आईला ‘बाबांना सांगून हे घेऊन दे’ म्हणणारं मूल देणारा कोण हे जाणतं. पण जो छापील कागद संताचं नाव घेऊन ‘ही प्रार्थना कधीच फसत नाही’, ‘सात दिवसांत काम होईल’, ‘एवढ्या प्रती छापून चर्चमध्ये ठेवा, नाहीतर अनिष्ट होईल’ असं सांगतो, तो बाजूला ठेवावा. व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवायचे तसले निरोपही तसेच. कृतीच्या आकड्यालाच ताकद आहे असं मानणं याला चर्चच्या धर्मशिक्षणात अंधश्रद्धा म्हटलं आहे. असा निरोप पुसून टाकल्याने काहीही होत नाही. घाबरलेल्या माणसाला हे शांतपणे सांगायला हवं, कारण असे कागद सगळ्यात जास्त आजारी माणसांच्या घरात पोचतात.

आराधना आणि आदर यांतली रेषा ७८७ च्या दुसऱ्या निकेया महासभेपासून लेखी आहे. देवाला मिळते ती आराधना म्हणजे लाट्रिया. संतांना मिळतो तो आदर म्हणजे दुलिया. मरियेला त्याहून मोठा, पण आराधनेच्या अलीकडचाच आदर, तो हायपरदुलिया. मूर्तीला दिलेला मान मूर्तीत थांबत नाही, ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो, हेही त्याच महासभेने सांगितलं. मोत माऊलीला वाहिले जाणारे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं यांच्याकडेही असंच बघावं. ती मागण्याची किंवा आभाराची खूण आहे. मेणात काही नाही. मिस्सा तर संताला कधीच अर्पण होत नाही. पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, ऑफिसात ‘संत अंतोनीची मिस्सा’ लिहून घेतात, तेव्हा अर्थ असतो संताच्या सन्मानार्थ, त्याच्याबद्दल देवाचे आभार मानून, देवाला अर्पण केलेली मिस्सा.

ठाणे जिल्ह्यातली तीन नावं

कोणाला कुठे हाक मारता येते हे समजायला दूर जायला नको. वाशीत फादर अॅग्नेल यांच्या नावाची शाळा-कॉलेजं हजारो मुलांनी पाहिली आहेत. ते म्हणजे गोव्याचे फादर अॅग्नेलो डिसोझा, १८६९ ते १९२७. त्यांना १९८६ मध्ये ‘आदरणीय’ घोषित केलं गेलं. म्हणजे ते सद्गुण असामान्य पातळीवर जगले हे मान्य झालं, पण ते स्वर्गात आहेत यावर चर्चने अजून शिक्का मारलेला नाही. घरी, एकट्याने किंवा चार जणांनी मिळून, त्यांच्याकडे विनंती करायला पूर्ण मुभा आहे. वेदीवर त्यांची मूर्ती, चित्रात डोक्यामागे तेजोवलय, मिस्सेत त्यांचा सण, हे मात्र नाही. ही नुसती औपचारिकता नाही. सतराव्या शतकात पोप अर्बन आठवे यांनी घातलेल्या नियमानुसार अशी सार्वजनिक भक्ती आधीच सुरू झाली असेल तर त्या व्यक्तीचं संतपदाचं प्रकरणच अडतं. प्रेमापोटी घाई करणारे भक्त आपल्याच माणसाचं नुकसान करतात, ते असं.

दुसरं नाव खुद्द ठाण्यातलं. एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले; त्यांतले टोलेंटिनोचे थॉमस यांच्या भक्तीला पोप लिओ तेरावे यांनी १८९४ मध्ये मान्यता दिली. ते ‘धन्य’ आहेत, म्हणजे ‘आदरणीय’च्या पुढच्या आणि ‘संत’च्या आधीच्या पायरीवर. ‘धन्य’ माणसाची सार्वजनिक भक्ती ठरावीक ठिकाणी, ठरावीक साधूसंघात चालते. सगळ्या जगात नाही. त्यांच्या अस्थी पॉर्डेनोनेचे ओडोरिक हे प्रवासी साधू पुढे चीनला घेऊन गेले. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चसमोरून रोज जाणाऱ्या किती ठाणेकरांना आपल्या शहरातली ही गोष्ट ठाऊक असेल? ती अधिक ठाऊक व्हायला हवी.

तिसरं, संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, जी २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस जणांसह क्रुसावर मरण. १६२७ मध्ये ‘धन्य’, १८६२ मध्ये ‘संत’. भारतात जन्मलेले पहिले संत. इथे मर्यादा संपते: जगातल्या कोणत्याही चर्चमध्ये त्यांचं नाव घेता येतं, त्यांच्या नावाने चर्च बांधता येतं.

आपल्या वारलेल्या आई-वडिलांचं काय? त्यांना मनातल्या मनात ‘माझ्यासाठी विनंती करा’ म्हणायला हरकत नाही. पण त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करणं थांबवू नये. ते पोचले की अजून शुद्ध होत आहेत हे आपल्याला दिसत नाही, आणि त्यांना आपल्या प्रार्थनेची गरज असू शकते. घोषित संतांसाठी मात्र आपण प्रार्थना करत नाही, त्यांच्याकडून मागतो.

नोव्हेना आणि नवस

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तिचा नमुना बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे: येशूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित आणि मरिया एकत्र प्रार्थना करत राहिले आणि मग पवित्र आत्मा उतरला. सणाची नोव्हेना आदल्या दिवशी संपते. योहान बाप्तिस्ताचा सण २४ जूनला, म्हणून नोव्हेना १५ ते २३ जून. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला, म्हणून ३० ऑगस्ट ते ७ सप्टेंबर. माहीमसारखी साप्ताहिक नोव्हेना असेल तर नऊ बुधवार. घरी करायची साधी रीत अशी: क्रुसाची खूण, आपली मागणी एका वाक्यात, त्या संताची प्रार्थना, मग ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, ‘नमो मरिये’ आणि त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची, स्तुती. दहा मिनिटं पुरतात. एखादा दिवस चुकला तर पुढच्या दिवशी चालू ठेवावी. पहिल्यापासून सुरू करायचा कोणताही नियम नाही.

नवसाबद्दल चर्चचा कायदा फार माणुसकीचा आहे, आणि फार थोड्यांना माहीत आहे. १९८३ च्या धर्मविधी संहितेत (कलम ११९१ ते ११९८) नवस म्हणजे देवाला, विचारपूर्वक आणि स्वखुशीने दिलेलं, शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचं वचन. संताला साक्षी ठेवता येतं, पण वचन देवाला असतं. मोठ्या आणि अन्याय्य भीतीपोटी केलेला नवस आपोआप रद्द ठरतो. नवस फक्त करणाऱ्यावर बांधील: मुलगा पास झाला तर तो अनवाणी मोत माऊलीला जाईल असं आईने बोललं असेल, तर मुलावर त्याचं बंधन नाही. परिस्थिती मुळातून बदलली किंवा अट पूर्णच झाली नाही, तर नवस संपतो. पाय अधू झाले, चालवत नाही? पॅरिशचे मुख्य धर्मगुरू आपल्या पॅरिशमधल्या माणसाला खाजगी नवसातून मोकळं करू शकतात. तितक्याच किंवा अधिक चांगल्या कामाने नवस बदलायचा असेल तर स्वतःलाही बदलता येतो. उरलेला नवस फेडला नाही म्हणून संत कोपला, घरात आजार आला, ही कल्पना कॅथलिक शिकवणुकीत कुठेच नाही. देवाजवळ पोचलेला माणूस सूड घेत नाही.

मध्यस्थीची तपासणी

चर्च स्वतः मध्यस्थीचा पुरावा मागतं ते संतपदाच्या प्रकरणांत. ‘आदरणीय’ व्यक्ती ‘धन्य’ होण्यासाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार लागतो आणि ‘संत’ होण्यासाठी त्यानंतर घडलेला दुसरा. हुतात्म्यांना ‘धन्य’ होण्यासाठी चमत्काराची अट नाही. पोप सूटही देऊ शकतात. श्रीलंकेत काम केलेले गोव्याचे फादर जोसेफ वाझ यांना २०१५ मध्ये दुसऱ्या चमत्काराशिवाय संत घोषित केलं गेलं.

बहुतेक प्रकरणं आजार बरा होण्याची असतात. आजार गंभीर हवा, उपचारांनी बरा झालेला नको, सुधारणा झपाट्याने, पूर्ण आणि टिकणारी हवी. चौकशी ज्या धर्मप्रांतात घटना घडली तिथले बिशप करतात. नवी मुंबईतल्या हॉस्पिटलात घडलं तर मुंबई महाधर्मप्रांताचे आर्चबिशप. बरा झालेला माणूस हयात असेल तर दोन डॉक्टर त्याला तपासतात. मग कागद रोमला जातात. तिथल्या सात तज्ज्ञांच्या वैद्यकीय मंडळाला २०१६ च्या नियमांनुसार किमान पाच मतं लागतात, आणि डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द ठरवत नाहीत. वैद्यकशास्त्राला याचं स्पष्टीकरण देता येतं की नाही एवढंच सांगतात. मध्यस्थी झाली का, हा पुढचा प्रश्न धर्मपंडितांचा, त्यानंतर कार्डिनल आणि बिशपांचा, आणि शेवटचा निर्णय पोपचा.

प्रकरणं पडतात ती बहुतेक साध्या कारणांनी. आधीचे रिपोर्ट सापडत नाहीत. औषध चालू होतं आणि त्याचाच गुण आला असं म्हणता येतं. काही वर्षांनी आजार उलटतो. आणि सगळ्यात जास्त दुखावणारं कारण म्हणजे घरच्यांनी एकाच वेळी पाच संतांकडे धाव घेतलेली असते. प्रेमाने केलेलं असतं, देवापुढे त्यात काही कमी नसतं, पण मग कोणाच्या मध्यस्थीने झालं हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वाशीतल्या एखाद्या घराने फादर अॅग्नेलो यांच्याकडे गंभीर आजारात विनंती केली असेल, तर प्रार्थना कधी सुरू केली ती तारीख लिहून ठेवावी, कोण कोण प्रार्थना करत होतं त्यांची नावं ठेवावीत, आणि बायोप्सी, स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, आधीचं आणि नंतरचं, एकही कागद फेकू नये. माणूस बरा झाला की आधी डॉक्टरांचा शेरा लेखी घ्यावा, मग पॅरिशच्या धर्मगुरूंना सांगावं. ते हा मजकूर प्रकरण चालवणाऱ्या पोस्टुलेटरकडे पोचवतात.